एकशे सतरा नंबरची शीट

चाळीस पानांची एक पुस्तिका लिहायची, एवढंच काम होतं. चाळीस पानं म्हणजे काय हो, ड्रायव्हरसाहेबांच्या गुडघ्यांची फाइल त्याहून जाड होती. पण त्या पुस्तिकेपायी जेवणाचं टेबल तीन महिने जेवायला मिळालं नाही, शेजारच्या हेडमास्तरांशी दोनदा अबोला झाला, आणि ड्रायव्हरसाहेबांच्या बायकोला, माईंना, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी एका सरकारी कचेरीत छत्रीत कागद लपवण्याचा मोह झाला.

झालं असं, की रेल्वेच्या बंद पडलेल्या कारखान्याचं संग्रहालय करायचं ठरलं. त्या संग्रहालयाची अधिकारी एक दिवस या दोघांच्या घरी आली. तिशीची असेल, चष्मा डोळ्यांपेक्षा डोक्यावरच जास्त वेळ. सोफ्यावर बसता बसताच तिने सांगितलं, की कारखान्यात बनलेल्या बावीस सांधेदार इंजिनांपैकी एक अजून शिल्लक आहे, ते रंग देऊन उभं करणार आहोत, आणि त्याच्या जन्मापासून निवृत्तीपर्यंतची हकिगत लिहून हवी आहे. त्या इंजिनावर सव्वीस वर्षं काढलेला माणूस तुमच्याशिवाय दुसरा कोण?

ड्रायव्हरसाहेबांनी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत होकार दिला. वर म्हणाले, "एक प्रकरण मात्र मी माझ्या मनाने लिहिणार. मागच्या खिळ्याच्या भोकाचं."

माईंच्या हातातला चहाचा ट्रे इतकाच हलला, की तीन कपांतला चहा तीन बश्यांत आला.

आता हे भोक काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. साधं इंजिन सरळ असतं, एका पट्टीसारखं. घाटातलं वळण फार आवळ असलं तर लांब इंजिन वळत नाही, आणि आखूड इंजिनाला चढावर गाडी ओढवत नाही. म्हणून कोणा शहाण्याने युक्ती काढली: चाकांचे दोन स्वतंत्र गाडे करायचे, एक पुढे, एक मागे, आणि दोघांच्या मध्ये पाळण्यासारखा बॉयलर टांगायचा. बॉयलर दोन जाडजूड खिळ्यांवर बसतो, एक पुढच्या गाड्यावर, एक मागच्या. वळण आलं की दोन्ही गाडे आपापल्या खिळ्यावर फिरतात. चूल एक, वाफ एक, आणि तोंडं दोन दिशांना. इंजिनांच्या शेडमधल्या लोकांनी त्याचं नाव सासू-सून ठेवलं होतं. पुढची सासू, मागची सून. पुढच्या टाकीतलं पाणी संपत आलं की सासूचा भार हलका व्हायचा आणि तिची चाकं जागच्या जागी गरगरायची. मग सगळं ओझं सून ओढायची. या बाबतीत शेडमध्ये कोणाचंही दुमत नव्हतं.

तर या दोन खिळ्यांना रोज तेल लागायचं. पुढच्या खिळ्याचं तेलाचं भोक डाव्या बाजूला, उभ्या उभ्या हात पोचेल असं. मागच्या खिळ्याचं भोक मात्र उजव्या बाजूला, कोळशाच्या शिडीच्या मागे आणि गरम पाण्याच्या नळाखाली. तिथे तेल घालायचं म्हणजे माणसाने चाकांमधून सरपटत जायचं, पाठीवर पडायचं, लांब चोचीची तेलाची झारी छातीवर धरून उजवा खांदा नळाखाली घुसवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. देवाचं नाव घेऊन झालं की दुसरं एक नाव घ्यायचं. ते नाव कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून 'गाढव' म्हणत. "कोणत्या गाढवाने हे भोक इथे पाडलं?" बावीस इंजिनं, सव्वीस वर्षं. शेडमधल्या माणसाची ओळख उजव्या खांद्यावरच्या काळ्या डागावरून पटायची.

ड्रायव्हरसाहेबांनी नोकरीची सुरुवात तेलवाला म्हणून केली होती. पुढे फायरमन झाले, मग ड्रायव्हर झाले, पण गाढव काही त्यांनी सोडलं नाही. लग्न ठरल्यावर दोघं पहिल्यांदा बाहेर भेटली, तेव्हाही त्यांनी होणाऱ्या बायकोला आधी खांद्याची कथा सांगितली. "तू ड्रॉइंग ऑफिसातच आहेस ना? मग शोध बरं तो गाढव कोण ते."

माईंना तेव्हा शोधायची गरजच नव्हती. तो गाढव समोर बसून चहा पीत होता.

लग्न झाल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. मग मुलगी झाल्यावर सांगू. मग मुलीची दहावी होऊ दे. मग निवृत्तीनंतर निवांत सांगू. बघता बघता एक्केचाळीस वर्षं गेली. शिवाय ड्रायव्हरसाहेब दर वाढदिवसाला म्हणायचे, "त्या गाढवाचं नाव कळल्याशिवाय मी काही मरत नाही." अशा परिस्थितीत नवऱ्याला नाव सांगणं कोणत्या सुज्ञ बाईला बरं वाटेल?

चूक कशी झाली, तेही त्यांना कालच्यासारखं आठवत होतं. ड्रॉइंग ऑफिसात त्या नकला काढायच्या. साहेब लोक पेन्सिलीने जाड कागदावर आराखडा काढत, आणि खिडकीकडच्या लांब टेबलांवर बसलेल्या अकरा मुली तो शाईने कापडावर उतरवत. मागचा गाडा पुढच्यासारखाच होता, फक्त आरशातल्यासारखा उलटा. हेड ड्राफ्ट्समनने सांगून ठेवलं होतं, "आधी पुढच्याची नक्कल कर, मग ती नक्कल पालथी टाकून तिच्यावरून मागचा काढ." म्हणजे एकच काम दोनदा. आणि तो शनिवार होता. हेड ड्राफ्ट्समन दाढ काढायला गेला होता, मैत्रिणीने तीनच्या खेळाची तिकिटं काढली होती आणि घड्याळात सव्वादोन वाजले होते. तेवीस वर्षांच्या माईंनी विचार केला, पालथी कशाला टाकायची? कागदच अर्धा फिरवला तरी तोंड मागे होतंच की. कागद फिरवला आणि नक्कल उरकली.

तोंड मागे झालं, पण बाजू बदलली. डाव्या पायाची चप्पल कितीही गोल फिरवा, ती उजव्या पायाची होत नाही. त्यासाठी ती आरशातच बघावी लागते. माईंनी मागच्या गाड्याला डावीच चप्पल घातली, आणि भोक शिडीमागे गेलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण शीटच्या कोपऱ्यात तीन चौकोन असायचे: काढलं, तपासलं, मंजूर. पहिल्यात आणि तिसऱ्यात साहेबांची सही पेन्सिल-आराखड्याबरोबरच यायची. 'तपासलं'चा चौकोन हेड ड्राफ्ट्समनचा. नकला करणाऱ्या मुलींसाठी चौकोनच नव्हता. कारखान्याचा शिपाई दारात उभा, "तपासल्याची सही नसेल तर मी शीट नेणार नाही," म्हणून अडून बसलेला. दोन वाजून चाळीस मिनिटं. माईंनी 'तपासलं'च्या चौकोनात आपल्या माहेरच्या नावाची तीन आद्याक्षरं ठोकली आणि पळाल्या. म्हणजे चूक त्यांनीच केली आणि तीच त्यांनीच तपासून बरोबर ठरवली. सिनेमाही रद्दी निघाला.

पुढे शेडमधून तक्रारी आल्या नाहीत असं नाही. पण तक्रार आली की ऑफिस शीट काढून बघायचं आणि उत्तर पाठवायचं: 'भोक ड्रॉइंगप्रमाणे योग्य जागी आहे.' यावर काय बोलणार?

तर अधिकारी गेल्यावर माईंनी कप विसळता विसळता हिशेब केला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, इंजिन धावलं कसं ते तुम्ही लिहा. पण ते काढलं कसं, हे तुम्हाला काय माहीत? रचनेचा भाग मी लिहिते."

"वा!" ड्रायव्हरसाहेब खूश झाले. "मग भोक तुझ्याच भागात येतं. शोध त्याला."

अशा रीतीने पुस्तिकाही सांधेदार झाली. टेबलाच्या एका टोकाला सेवा, दुसऱ्या टोकाला रचना, आणि मध्ये चहाची किटली. माईंनी लिहिलं, 'हे इंजिन दोन्ही दिशांना सारख्याच सहजतेने धावते.' ड्रायव्हरसाहेबांनी टेबलाच्या त्या टोकावरून वाचलं आणि ओरडले, "सहजतेने? उलटं चालवताना मान मोडायची आमची! इंजिनाचं तोंड फिरवायच्या चकतीवर मावायचं नाही म्हणून उलटं चालवत होतो, हौस म्हणून नाही."

"बोगद्यात तुम्हीच उलटं चालवायचात. धूर नाकात जाऊ नये म्हणून."

"ते आमचं डोकं. ते रचनेत नाही येत, सेवेत येतं."

"मग मानही सेवेतच ठेवा."

शेजारच्या हेडमास्तरांना सुगावा लागला आणि ते लाल पेन घेऊन आले. निवृत्त झाल्यापासून त्यांना तपासायला काही मिळत नव्हतं. त्यांचं मत पडलं, की पुस्तिका वाफेपासून सुरू व्हावी. "किटलीचं झाकण हलतं, इथून सुरुवात करा. आधी उष्णता म्हणजे काय ते सांगा." चाळीसच्या चाळीस पानांत किटलीचं झाकणच हलत राहिलं असतं. खालच्या मजल्यावरचे विमावाले आले ते काळजीने. त्यांनी आयुष्यभर लोकांना संकटं समजावून सांगितली होती, त्यामुळे आनंदाच्या प्रसंगीही त्यांचा चेहरा अपघाताच्या बातमीसारखा असायचा.

"गाढव हा शब्द छापू नका," ते म्हणाले. "मानहानी आहे. माणूस वारला असला तर वारस दावा लावतील."

"गाढवाचे वारस?" ड्रायव्हरसाहेब हसले.

"असतात," विमावाले गंभीरपणे म्हणाले. "शोधलं की निघतात."

गाढवाची एकुलती एक वारस दुसऱ्या शहरात गणित शिकवत होती आणि दर रविवारी वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी करायला फोन करत होती. माईंनी विमावाल्यांना आणखी एक बिस्किट दिलं.

मग ड्रायव्हरसाहेबांनी अर्ज केला. मागच्या गाड्याच्या आराखड्याची प्रत मिळावी. कारखान्याचा रेकॉर्ड विभाग एका जुन्या गोदामात हलवला होता आणि तिथे एकच रेकॉर्डवाला होता, स्टुलावर. तो म्हणाला, "शीट नंबर लिहा." नंबर कुठे मिळेल? "सूचीत." सूची कुठे आहे? "आत." बघू का? "आत जायला अर्ज लागतो." अर्जात काय लिहायचं? "शीट नंबर."

ड्रायव्हरसाहेब घरी आले ते बॉयलर फुटायच्या बेतात. "तुला आठवतो का गं नंबर?"

माईंना स्वतःच्या जन्मतारखेआधी तो नंबर आठवायचा. एकशे सतरा. त्या थोडा वेळ छताकडे बघून म्हणाल्या, "दोनशे सहा असावा."

तीन आठवड्यांनी दोनशे सहाची प्रत आली. टेबलावर पसरली. ड्रायव्हरसाहेबांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "चाकं दिसत नाहीत यात."

हेडमास्तरांनी लाल पेन एका गोलावर टेकवलं. "हे काय?"

"मोरी," माई म्हणाल्या. "कारकुनांच्या मुतारीचा आराखडा आहे हा. चुकलंच माझं, वय झालं."

त्या दिवशी माईंना थोडी लाज वाटली, पण हसू जास्त आलं. खरी लाज वाटली ती पुढच्या गुरुवारी. अधिकारीबाईंचा फोन आला होता, की पुस्तिकेच्या शेवटी इंजिन घडवणाऱ्यांची नावं छापायची आहेत. माईंनी लगेच अकरा मुलींची नावं सांगायला सुरुवात केली: खिडकीपाशी बसायची ती, डावखुरी ती, लग्न होऊन परदेशी गेली ती. अधिकारी ओशाळून म्हणाली, "काकू, कागदोपत्री पुरावा लागतो. सगळ्या शीटवर साहेबांच्याच सह्या आहेत. नकलांवर नावच नाही कोणाचं. तुमचं नाव असलेली एक जरी शीट असेल, तर तुमचं तरी नक्की छापता येईल."

"एकही नसेल तर?"

"तर मग 'आणि इतर'मध्ये."

एकतीस वर्षं. दिवसाला एक शीट धरली तरी हजारांच्या घरात. त्या बावीस इंजिनांचा असा एक बोल्ट नव्हता, ज्याची रेघ माईंच्या किंवा त्या दहाजणींपैकी कोणाच्या तरी हाताखालून गेली नव्हती. आणि या सगळ्या ढिगात माईंचं नाव होतं ते फक्त एका जागी. चुकीवर.

गुरुवारी दुपारी ड्रायव्हरसाहेबांचा डोळा लागल्यावर माई छत्री घेऊन निघाल्या. रेकॉर्डवाल्याला त्यांनी सूची वगैरे काही विचारलं नाही. अर्जावर एकशे सतरा लिहिलं आणि त्याच्या स्टुलासमोर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी नंबर पाठ करून आलेलं पाहून तो बिचारा गांगरला. शीटची गुंडाळी आणून दिली आणि चहा प्यायला निघून गेला.

कापड पिवळं पडलं होतं, पण रेघा तशाच. माईंनी आधी कोपरा बघितलाच नाही. त्या रेघा बघत बसल्या. कुठेही शाई फुटलेली नाही, कुठेही हात थरथरलेला नाही. पंचवीस मिनिटांत इतकं स्वच्छ काम! मग कोपरा. 'तपासलं', आणि तीन अक्षरं, शेवटच्या अक्षराची शेपटी सिनेमाच्या घाईने लांबलेली.

खोलीत कोणी नव्हतं. छत्री जुन्या पद्धतीची होती, लांब. गुंडाळी आत घातली तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. माईंनी घातलीसुद्धा. छत्री पोटुशी दिसायला लागली. त्या दारापर्यंत गेल्या, आणि तिथे थांबल्या. ही शीट गेली की गाढव गेलं, हे खरं. पण गाढवाबरोबर आपणही गेलो. मग राहिलो 'आणि इतर'मध्ये, परदेशी गेलेलीच्या शेजारी.

रेकॉर्डवाला चहा पिऊन परत आला तेव्हा माई प्रतीसाठीचा अर्ज भरत होत्या. पत्ता घरचाच दिला.

प्रत आली ती नेमकी माई भाजी आणायला गेल्या होत्या तेव्हा. परत येऊन बघतात तो टेबलावर शीट पसरलेली, आणि ड्रायव्हरसाहेब भिंग घेऊन कोपऱ्यावर ओणवे झालेले, इंजिनाखाली वाकावं तसे.

"सापडला!" ते म्हणाले. "हे बघ, सहीसकट. कोण गं हा? तुझ्या वेळचाच असणार. आडनावाचं अक्षर तर तुमच्याकडचं..." आणि त्यांनी भिंगावरून मान वर केली.

"मीच," माई म्हणाल्या आणि पिशवीतले टोमॅटो काढून ठेवायला लागल्या. "शनिवार होता. तीनचा खेळ होता. तिकिटं काढलेली होती."

ड्रायव्हरसाहेब खुर्चीत बसले. एकदा शीटकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, एकदा स्वतःच्या उजव्या खांद्याकडे. मग त्यांना हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "एक्केचाळीस वर्षं! मी जेवताना शिव्या देत होतो आणि तू मला वाढत होतीस!"

"कधी कधी मीठ जास्त पडायचं, ते उगाच नाही."

ते पुन्हा हसले, आणि हसता हसता एकदम सावरून बसले. चेहरा उतरला. "अगं, पण मी सगळ्यांना सांगून बसलोय. शेडच्या जुन्या मंडळींना. तीसएक माणसं येणार आहेत उद्घाटनाला, केवळ ते नाव ऐकायला. भोंगा तर म्हणाला, नाव कळलं की मी उभा राहून मोठ्याने हाक मारणार." भोंगा म्हणजे त्यांच्याबरोबरचा जुना तेलवाला. त्याला ध्वनिक्षेपक लागत नसे. "छे छे. हे प्रकरण काढून टाकू या."

"अजिबात नाही," माई म्हणाल्या.

"अगं, अब्रू जाईल!"

"कोणाची?"

खरं तर ड्रायव्हरसाहेबांचीच जाणार होती. ज्याने सव्वीस वर्षं शेडमध्ये गाढव शोधलं, त्याच्याच घरात ते निघावं?

त्यानंतरचे दहा दिवस घरात सगळंच उलटं झालं. ज्यांना नाव छापायचं होतं ते आता लपवू म्हणत होते, आणि जिने लपवलं ती छापा म्हणत होती. हेडमास्तर म्हणाले, "वहिनी, चूक लाल शाईने दाखवायची असते, पण स्वतःची नव्हे." विमावाले तर धावतच वर आले. "कबुली देऊ नका. तीस माणसं, तीस खांदे. एकेक जण डॉक्टरचा दाखला घेऊन येईल."

"येऊ दे," माई म्हणाल्या.

ड्रायव्हरसाहेबांनी तडजोड काढली. "सुरुवातीला तुझे आभार मानतो. ठळक अक्षरांत. 'माझ्या पत्नीने वेळोवेळी चहा देऊन केलेल्या सहकार्याबद्दल.'"

माईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते वाक्य त्यांनी स्वतःच खोडलं.

"अहो, ऐका," माई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही इंजिन चालवलंत, ते अख्ख्या गावाने पाहिलं. मुलं हात हलवायची तुम्हाला. मी एकतीस वर्षं मान खाली घालून रेघा ओढल्या, त्यातली एक चुकली, आणि तेवढीच काय ती माझी म्हणून सापडते. ती तरी मला द्या. मोठ्याने वाचायची. पूर्ण नावानिशी. माहेरच्या."

ड्रायव्हरसाहेबांनी कागद ओढून घेतला आणि माहेरचं नाव पूर्ण लिहिलं.

उद्घाटनाला कारखान्याची मोठी शेड झाडून काढली होती. मधोमध इंजिन, काळंभोर, इतकं चकचकीत की शेडच्या लोकांना ओळखू येईना. भिंतीवर मुख्य अभियंता साहेबांची मोठी तसबीर, खाली पितळी पट्टी: 'या इंजिनाचे निर्माते'. खुर्च्यांवर तीस-बत्तीस म्हातारे, इस्त्रीचे कपडे करून आलेले. ड्रायव्हरसाहेब वाचायला उभे राहिले. घाटातला पहिला प्रवास, सासूचं गरगरणं, बोगदे, सगळं झकास वाचलं. भोकाचं प्रकरण आलं तेव्हा आवाज इतका खाली गेला, की मागून भोंगा ओरडला, "वाफ वाढवा साहेब!"

ड्रायव्हरसाहेबांनी पहिल्या रांगेत पाहिलं. माईंची नुसती भुवई वर गेली. त्यांनी घसा खाकरला. "मागच्या खिळ्याचे भोक चुकीच्या बाजूस पडले. शीट नंबर एकशे सतरा. नक्कल करणार आणि तपासणार..." आणि पूर्ण नाव वाचलं. मग कागदात नसलेलं एक वाक्य जोडलं. "म्हणजे आमच्या ह्या."

तीस डोकी एकदम वळली. कुठेतरी खुर्ची करकरली. भोंगा उभा राहिला. ड्रायव्हरसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"वहिनी," भोंगा म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज बारीक झाला. "तुम्ही इंजिन काढायचात?"

"हो."

"आम्हाला वाटायचं टायपिंग करता." तो खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला. हाक मारायची तो पार विसरून गेला होता. "मग मला एक सांगा. खिडकीचा कट्टा इतका अरुंद का ठेवलात? कोपर टेकायचं नाही. सव्वीस वर्षं विचारायचं होतं कोणाला तरी, पण वर ऑफिसात कोण घेतंय आम्हाला?"

खिडकीचा कट्टा माईंनी काढला नव्हता. ती शीट डावखुरीची. पण भोंगा त्यांच्याकडे असा बघत होता, जसं इंजिनाकडे बघतात. माईंनी पदर सावरला.

"कट्टा ना? माझाच तो. अरुंद झाला खरा."

मग रीतसर रांगच लागली. एका जुन्या फायरमनची तक्रार होती, की फावडं भट्टीच्या दाराच्या कडेला अडायचं. "दार माझं," माई म्हणाल्या. दुसऱ्याला शिट्टीची दोरी उंच पडायची. "दोरी मीच लावली. तुमची उंची धरली नाही." टाकीचं झाकण, वाळूचा नळ, पायरीचं अंतर. म्हातारे एकेक करून येत होते, हातवारे करून सांगत होते, आणि माई प्रत्येकाचं नीट ऐकून घेऊन मान डोलवत होत्या. कोणी रागावलेलं नव्हतं. इतक्या वर्षांनी तक्रार ऐकून घेणारं माणूस भेटल्याने सगळे खुशीत होते.

ड्रायव्हरसाहेब खाली वाकून कुजबुजले, "अगं, ती दोरी तर दुसऱ्या कारखान्यातून यायची."

"तुम्ही गप्प बसा. माझं काम चाललंय."

अधिकारी चष्मा डोळ्यांवर घेऊन भराभर लिहून घेत होती. "काकू, हे सगळं दुसऱ्या आवृत्तीत तुमच्या नावावर घालते."

"पुरावा?" माईंनी विचारलं.

"बत्तीस साक्षीदार आहेत ना!"

"मग खिडकीच्या कट्ट्यावर माझ्याबरोबर आणखी एक नाव घाला," माई म्हणाल्या आणि डावखुरीचं पूर्ण नाव सांगितलं. तिथून पुढे प्रत्येक तक्रारीला त्या एकेक मैत्रीण जोडत गेल्या. झाकणाला एक, पायरीला एक, वाळूच्या नळाला परदेशी गेलेली. संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा जणी इंजिनावर चढल्या होत्या.

रांगेत शेवटी एक अगदी थकलेला ड्रायव्हर होता, काठी टेकत आलेला. त्याने वर बघितलं, त्या लांबलचक काळ्या बॉयलरकडे. "आणि बाई, बॉयलर कोणी काढला?"

माईंनी उलट विचारलं, "बॉयलरमध्ये काही खोट होती का?"

"छे हो! बॉयलरला नाव ठेवायला जागा नव्हती. एक नंबर."

माईंनी भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं, आणि मोठ्या मनाने हात हलवला.

"मग तो साहेबांचा."